फ्लश करण्याआधी: मलावरून पचनाची तब्येत कशी ओळखावी

शौच झालं की मागे न बघता पाणी सोडून द्यायचं, ही सवय आपल्याला लहानपणीच लागते. त्या गोष्टीकडे बघायचं नाही, तिच्याबद्दल बोलायचं नाही. डॉक्टरांनी विचारलं तरी "तसं बरं आहे" असं म्हणून आपण विषय संपवतो. यात नुकसान आपलंच होतं. लहान आतडं साधारण सहा मीटर लांब, मोठं आतडं दीड मीटर, शिवाय जठर, यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड. या सगळ्यांच्या कामाचा हिशेब रोज समोर येतो आणि तो वाचायला कुठलंही यंत्र लागत नाही. फक्त वाचता आला पाहिजे.

एक गोष्ट आधीच सांगते. एका दिवसाच्या मलावरून काहीही ठरवू नका, मग तो चांगला दिसो की वाईट. काल काय खाल्लं, किती पाणी प्यायलं, झोप झाली की नाही, यावर तो बदलतो. दोन गोष्टींना मात्र अर्थ असतो. तुमचं नेहमीचं काय आहे, आणि ते बदलून तसंच राहिलं आहे का. याला अपवाद मोजकेच आहेत: रक्त, डांबरासारखा काळा मल आणि पांढुरका मल. हे एकदा दिसलं तरी पुरे.

पायरी १: बघायचं म्हणजे नक्की काय बघायचं

आकार, रंग, आणि जे दिसायला नको ते (रक्त, आव, तेलकट तवंग) दिसतंय का. याला चार-पाच सेकंद लागतात. त्यासोबत दोन गोष्टी मनात टिपायच्या: कुंथावं लागलं का, आणि उठल्यावर मोकळं वाटलं का.

निरोगी माणसाच्या मलात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं. उरलेला भाग सगळा न पचलेल्या अन्नाचा असतो असं आपल्याला वाटतं, पण त्यातला मोठा वाटा आतड्यातल्या जिवाणूंचा असतो, काही जिवंत, काही मेलेले. बाकी चोथा, थोडी चरबी आणि आतड्याच्या अस्तराच्या गळून पडलेल्या पेशी. म्हणूनच आजारपणात दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तरी थोडं का होईना शौचाला होतं. "पोटात काही नाही, मग येतंय कुठून?" या प्रश्नाचं उत्तर हेच.

पायरी २: दोन आठवडे नोंद ठेवा

"रोज सकाळी एकदा झालंच पाहिजे" हा समज फार लोकांना छळतो. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, एवढी मोठी मर्यादा वैद्यकशास्त्र सर्वसाधारण मानतं. एक दिवसाआड होतंय, मऊ होतंय, त्रास नाही, तर ती बद्धकोष्ठता नव्हे. उलट रोज होतंय, पण वीस मिनिटं बसून खड्यासारखं, तर ती बद्धकोष्ठताच. वारंवारतेपेक्षा घट्टपणा आणि कष्ट जास्त सांगतात.

नोंद ठेवायला एक वही किंवा फोनमधली टीप पुरे. प्रकारांचे आकडे पुढच्या पायरीत येतीलच. नोंद अशी दिसते:

मंगळवार: सकाळी ६.५०. प्रकार २. आठ मिनिटं, कुंथावं लागलं. पुसताना रक्ताचा एक ठिपका. काल दिवसभर प्रवास, पाणी कमी.
बुधवार: झालं नाही. संध्याकाळी कळ आली होती, कामात होते, दाबली.
गुरुवार: सकाळी ७.१५ ला आधी प्रकार १, लगेच मागून प्रकार ४. पोट हलकं.
शुक्रवार: दोनदा. प्रकार ४, प्रकार ५. वेदना नाही. नवीन औषध नाही.

या चार ओळी नीट वाचा. मंगळवारचं रक्त आणि घट्ट मल एकत्र आलेत. बुधवारी कळ दाबली आणि गुरुवारी त्याची किंमत मोजली. गुरुवारी आधी खडे आणि मागून मऊ, याने अनेकजण गोंधळतात. पुढचा भाग आतड्याच्या टोकाशी जास्त वेळ थांबून सुकलेला असतो, मागचा नुकताच आलेला असतो. रोग दोन नाहीत, उशीर एकच आहे. चार ओळींनी एवढं दाखवलं, तर चौदा दिवसांत नमुना स्पष्ट दिसतो.

पायरी ३: आकार ओळखा

मलाच्या आकाराचे सात प्रकार सांगणारा एक तक्ता जगभर वापरला जातो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या स्टीफन लुईस आणि केन हीटन या डॉक्टरांनी तो १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी स्वयंसेवकांना कधी रेचक, तर कधी आतडी मंदावणारं औषध देऊन अन्नाचा प्रवास किती वेळात होतो ते मोजलं आणि मलाच्या आकारावरून त्या वेळेचा चांगला अंदाज येतो हे दाखवलं.

प्रकार १: सुटे, कडक खडे, शेळीच्या लेंड्यांसारखे.
प्रकार २: लांबट, पण गाठीगाठींचा. खडे एकमेकांना चिकटल्यासारखा.
प्रकार ३: लांबट, वरून भेगा पडलेला.
प्रकार ४: लांबट, गुळगुळीत, मऊ.
प्रकार ५: मऊ तुकडे, कडा स्पष्ट.
प्रकार ६: फुगीर, लिबलिबीत, कडा फाटलेल्या.
प्रकार ७: नुसतं पाणी.

तीन आणि चार उत्तम. एक आणि दोन म्हणजे मल मोठ्या आतड्यात जास्त वेळ रेंगाळला. सहा आणि सात म्हणजे घाईने पुढे ढकलला गेला. पाच हा काठावरचा. चोथा कमी खाणाऱ्यांत तो दिसतो, आणि दिवसातून एक-दोनदाच असेल तर काळजीचं काही नाही.

हा सगळा खेळ पाण्याचा आहे. प्यायलेलं पाणी, लाळ, जठराचा रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस असं मिळून रोज आठ-नऊ लिटर द्रव लहान आतड्यात येतो. त्यातला दीडएक लिटर मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो आणि शेवटी मलातून जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर बाहेर पडतो. एवढं मोठं शोषण चालू असताना त्यात थोडी गडबड झाली की लगेच पातळ होतं, आणि मल थोडा जास्त रेंगाळला की त्याचा खडा होतो.

स्वतःचा वेग पाहायचा असेल तर घरच्या घरी एक प्रयोग करता येतो. एका जेवणात मक्याचे दाणे खा, वेळ लिहून ठेवा आणि ते मलात कधी दिसतात ते बघा. त्याआधी आणि नंतर आठवडाभर मका खायचा नाही. साधारण एक ते तीन दिवसांत दिसले तर वेग ठीक आहे. मक्याच्या दाण्याचं साल आपल्याला पचवता येत नाही, कोणालाच येत नाही. तेव्हा मलात दाणे, टोमॅटोची सालं किंवा पालेभाजीचे तुकडे दिसले म्हणून "माझं पचन कमजोर आहे" असा निष्कर्ष काढू नका. वजन उतरत असेल आणि जुलाबही चालू असतील, तरच त्याला अर्थ आहे.

मल बारीक, पेन्सिलसारखा येतोय म्हणून घाबरणारे पुष्कळ असतात. अधूनमधून तसं होणं सर्वसामान्य आहे. पण पूर्वी जाड होत होता आणि आता कित्येक आठवडे सतत बारीकच येतोय, तर दाखवून घ्यावं.

इथे माझ्या आत्याची गोष्ट सांगणं भाग आहे, कारण तक्ता डोळे मिटून वापरला तर काय होतं ते मी जवळून पाहिलंय. खुब्याचं हाड मोडल्यावर ती पाच आठवडे अंथरुणावर होती, दुखण्याच्या कडक गोळ्या चालू होत्या. एक दिवस तिला पातळ व्हायला लागलं. थोडं थोडं, दिवसातून सात-आठदा, कधी अंथरुणातच. प्रकार ७, म्हणजे जुलाब, असं आम्ही धरून चाललो आणि जुलाब थांबवायची गोळी दिली. चार दिवसांनी तिचं पोट फुगलं, अन्न जाईना. घरी आलेल्या डॉक्टरांनी हातमोजा घालून तपासलं तर गुदाशय घट्ट मळाने गच्च भरलेला. वरचा पातळ मल त्या गोळ्याच्या कडेकडेने झिरपत होता आणि आम्ही गोळी देऊन कोंडी वाढवत होतो. म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेली माणसं आणि शी धरून ठेवणारी लहान मुलं या तिघांत हे बऱ्याचदा होतं. अशा माणसाला आधी बरेच दिवस झालेलं नसेल आणि मग अचानक थोडं थोडं पातळ सुरू झालं, तर जुलाब समजण्याआधी तपासून घ्या. लहान मुलाची चड्डी वारंवार भरते तेव्हाही बहुतेक वेळा हेच कारण असतं. त्याला रागावून काही होत नाही. एकदा कडक शी होताना दुखलेलं असतं, म्हणून ते धरून ठेवतं, धरल्याने ती आणखी कडक होते. हे चक्र औषधाने मल मऊ करून आणि धीर देऊनच तुटतं.

पायरी ४: रंग

मलाचा तपकिरी रंग रक्तापासून येतो, हे ऐकून आश्चर्य वाटेल. तांबड्या रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते पित्तात सोडतं आणि आतड्यातले जिवाणू त्याचं तपकिरी द्रव्य बनवतात. (पित्त म्हणजे इथे आंबट ढेकर आणणारं आम्लपित्त नव्हे. यकृतात तयार होणारा हिरवट पिवळा पाचकरस.) फिकट पिवळसरपासून गडद तपकिरीपर्यंतच्या सगळ्या छटा त्यामुळे ठीकच आहेत.

हिरवा मल बहुतेक वेळा पालेभाज्यांचा किंवा खाण्यातल्या रंगाचा असतो, नाहीतर जुलाबात पित्ताला तपकिरी व्हायला वेळच मिळालेला नसतो. एरवी बरं वाटत असेल तर सोडून द्या.

पांढुरका, राखाडी, चिकणमातीसारखा मल ही मात्र गंभीर खूण आहे. याचा अर्थ पित्त आतड्यात पोचतच नाही. पित्तनलिकेत खडा अडकला असेल, यकृताला सूज असेल, किंवा स्वादुपिंडाच्या गाठीने नलिका दाबली गेली असेल. बरोबर लघवी गडद आणि डोळे पिवळे असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बेरियमची तपासणी (एक्स-रेआधी पांढरं द्रव्य पोटात देतात ती) झाली असेल तर एक-दोन दिवस मल पांढरा येतो, त्याची चिंता नको.

नवजात बाळात ही खूण सगळ्यात मोलाची. काही बाळांच्या पित्तनलिका जन्मतःच बंद असतात किंवा पुढे बंद होत जातात. बाळ पहिले काही आठवडे गुटगुटीत दिसतं, फक्त कावीळ उतरत नाही आणि शी फिकट होत जाते. त्यावरची शस्त्रक्रिया साधारण ६० दिवसांच्या आत झाली तर यश मिळण्याची शक्यता जास्त. तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक बाळाच्या आईवडिलांना शीच्या रंगांचं चित्रकार्ड दिलं जातं, कारण हा रोग सगळ्यात आधी दिसतो तो लंगोटातच. बाळ दोन आठवड्यांचं झालं तरी पिवळं असेल, किंवा शी पांढुरकी वाटली, तर "बाळसं धरेल तसं जाईल" म्हणून थांबू नका. बाकी अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पिवळीधमक, पातळ, कण असलेली असते आणि ती उत्तम खूण आहे. दीड महिन्यानंतर अशी काही बाळं चार-पाच दिवस, कधी आठवडाभरही शी करत नाहीत. शी मऊ असेल, बाळ नीट पीत असेल, पोट फुगलेलं नसेल, तर ते चालतं.

काळा मल: इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. लोहाच्या गोळ्यांनी आणि बिस्मथ असलेल्या पोटाच्या औषधांनी मल काळा किंवा काळसर हिरवा होतो, पण तो बांधलेला असतो आणि त्याला वेगळा वास नसतो. जठरातून किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून रक्तस्राव झाला की ते रक्त वाटेत पचतं आणि डांबरासारखा मल येतो. काळाकुट्ट, चकाकणारा, चिकट. भांड्याला असा चिकटतो की एका फ्लशमध्ये निघत नाही, आणि वास इतका उग्र की एकदा घेतलेला विसरत नाही. असा मल यायला साधारण ५० ते १०० मिलिलिटर रक्त पुरतं. सांधेदुखीसाठी गोळ्या घेणारे, अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध घेणारे यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. डांबरी मल दिसला की सकाळची वाट बघायची नाही, तडक रुग्णालय.

पायरी ५: तांबडं दिसलं तर

आधी काल बीट किंवा लाल रंग घातलेलं काही खाल्लं होतं का आठवा. नसेल तर ते रक्त आहे असंच धरा.

रक्त कुठे आणि कसं दिसतं ते पाहा. मल घट्ट, जाताना काचेने कापल्यासारखी कळ, नंतर तास-दोन तास आग, पुसताना ताज्या रक्ताची रेघ: बहुतेक फिशर, म्हणजे गुदद्वाराशी पडलेली चीर. न दुखता, शौचाच्या शेवटी थेंब थेंब किंवा धार: बहुतेक मूळव्याध. मुरडा, ताप, आव आणि रक्त एकत्र: आतड्याचा जंतुसंसर्ग. रक्त आणि आव आठवडे-महिने येतच राहिले, रात्री झोपेतून उठावं लागतंय: आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारे आजार असू शकतात. मलात मिसळलेलं गडद रक्त, जोडीला सवय बदललेली, वजन घटलेलं: मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा विचार करावाच लागतो.

मी मुद्दाम "बहुतेक" म्हणतेय. या विषयात मला सगळ्यात जास्त खटकणारं वाक्य म्हणजे "काही नाही, मूळव्याध असेल". मूळव्याध इतकी सर्रास आढळते की ती असूनही वर दुसरं काही असू शकतं. मलमं लावत वर्ष काढणाऱ्या माणसाची तपासणी वेळेवर झाली असती तर गाठ लहान असताना सापडली असती. रक्त पहिल्यांदाच दिसलं, किंवा वय चाळिशीपुढे आहे, किंवा आईवडील-भावंडांत कुणाला आतड्याचा कर्करोग झाला आहे, तर निदान डॉक्टरांकडून करून घ्या, स्वतः करू नका. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातल्या गाठीचं रक्त डोळ्यांना दिसतही नाही. तिथे पहिली खूण असते ती थकवा आणि उतरलेलं हिमोग्लोबिन. म्हणून अनेक देशांत वयाच्या ४५ किंवा ५० पासून, काही त्रास नसतानाही, मलातलं न दिसणारं रक्त शोधणारी चाचणी किंवा कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीने मोठं आतडं आतून बघणं) करायला सांगतात.

पायरी ६: तरंगणं, तेल, वास, आव, जंत

मल तरंगला म्हणजे चरबी पचत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. १९७२ मध्ये लेविट आणि डुएन या संशोधकांनी तरंगणाऱ्या मलातला वायू दाबून काढला तर तो बुडाला. तरंगवतो तो बहुतेक वेळा वायू. चरबी न पचल्याचा मल वेगळा दिसतो: फिकट, खूप, तेलकट, पाण्यावर तवंग, भांड्याला चिकटणारा, आणि दुर्गंधी इतकी की खोली सोडावी लागते. असं आठवडे चालू असेल तर स्वादुपिंड, सीलिअॅक आजार (गव्हातलं ग्लूटेन न सोसणं) किंवा जिआर्डियासारखा परजीवी, यांची तपासणी हवी.

वास हा एरवी कमी उपयोगाचा. जिवाणू प्रथिनं मोडतात तेव्हा तो होतोच. थोडा चिकट पांढरा आव बद्धकोष्ठतेतही दिसतो. जास्त किंवा रक्तासह असेल तर नाही चालणार. पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखे हलणारे जंत दिसले आणि मुलाला रात्री गुदद्वाराशी खाज येत असेल, तर ते सूत्रकृमी. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावं लागतं, नाहीतर ते पुन्हा येतात.

पायरी ७: औषधांचा डबा तपासा

मल बदलला की काय खाल्लं याच्याही आधी कुठली औषधं चालू आहेत ते आठवा. लोह, कॅल्शियम, अॅल्युमिनियम असलेली आम्लपित्ताची औषधं, अफूवर्गातल्या वेदनाशामक गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं यांनी घट्ट होतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने, मॅग्नेशियमने आणि प्रतिजैविकांनी पातळ होतं. प्रतिजैविकाचा कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी जोरदार जुलाब सुरू झाले तर डॉक्टरांना तो कोर्स आवर्जून सांगा. त्या काळात वाढणारा एक जिवाणू असतो, त्याची तपासणी आणि उपचार वेगळे असतात. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका, पर्याय विचारा. थायरॉइड ग्रंथीचं काम मंदावलं तर मल घट्ट होतो, वाढलं तर पातळ होतो.

पायरी ८: घट्ट असेल तर

धोक्याची कुठलीही खूण नसेल तर चार आठवडे हे करून पाहा.

चोथा वाढवा, पण हळूहळू. मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम लागतो. कडधान्यं, डाळी, सालासकट फळं, भाज्या, कोंड्यासकट धान्यं. एकदम वाढवला तर पोट फुगतं आणि लोक तिसऱ्या दिवशी सोडून देतात. दर आठवड्याला थोडा थोडा वाढवा आणि सोबत पाणी. दिवसाला दोन किवी किंवा मूठभर सुके आलुबुखार यांचाही अनेकांना चांगला उपयोग होतो. इसबगोल घ्यायचं तर एका मोठ्या पेल्यात भिजवून लगेच प्यावं, कोरडं तोंडात टाकू नये, घशात फुगतं. गिळायला त्रास असेल तर घेऊच नये.

वेळ साधा. जेवण जठरात पोचलं की मोठ्या आतड्याला ढकलण्याचा संदेश जातो, आणि हा संदेश सकाळी सगळ्यात जोरकस असतो. नाश्त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी बसा. कळ आली की उठा. दाबत राहिलं की गुदाशय ताणाला सरावतो आणि सांगणंच बंद करतो.

बसणं सुधारा. गुदाशयाला एका स्नायूचा फास असतो, तो उभं असताना नळी मुडपून धरतो. उकिडवं बसलं की फास सैल होतो आणि वाट सरळ होते. कमोडवर बसत असाल तर पायाखाली वीतभर उंचीचं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या, थोडं पुढे वाका आणि श्वास कोंडून कुंथण्याऐवजी पोट बाहेर फुगवा. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा. फोन बाहेर ठेवा, फोनमुळेच बैठक लांबते आणि खालच्या शिरांवर ताण येतो.

एवढं करूनही नोंदीत मल मऊ आहे, प्रकार ४ आहे, तरी कुंथावं लागतंय, अर्धवट वाटतंय, बोटाने दाब द्यावा लागतोय, तर अडचण मलाची नसून ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची असू शकते. ढकलताना ते सैल होण्याऐवजी आवळतात. अशा माणसाने कितीही चोथा खाल्ला तरी उपयोग नाही, उलट पोट जड होतं. त्यांना स्नायू सैल सोडायला शिकवणारी फिजिओथेरपी मिळते आणि ती चांगली लागू पडते. हे सांगायची लाज वाटते म्हणून लोक वर्षानुवर्षं रेचकं बदलत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि आतडी "आतून धुऊन" देणाऱ्या उपचारांवर पैसे घालवू नका. आतड्याला वर्षानुवर्षांचा मळ चिकटून बसत नाही. त्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं.

पायरी ९: पातळ असेल तर

चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ झालं तर जुलाब. पहिलं काम पाणी आणि क्षार भरून काढणं. तयार ओआरएस मिळालं तर तेच, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात. नाही मिळालं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त पडू देऊ नका. लहान मुलाचं दूध-खाणं बंद करू नका. त्याला डॉक्टर १० ते १४ दिवस झिंकही देतात. ताप किंवा रक्त असेल तर, आणि लहान मुलांना, जुलाब थांबवणारी गोळी देऊ नका.

बहुतेक जुलाब काही दिवसांत थांबतात. चार आठवड्यांवर गेले तर कारण शोधावं लागतं. दुधानंतर गुडगुड आणि पातळ, असं नोंदीत दिसलं तर दोन आठवडे दूध बंद करून बघा. साखरविरहित गोळ्या-च्युइंगममधली सॉर्बिटॉलही असंच करते. पोटदुखी आणि शौचाची बदललेली सवय हातात हात घालून महिनोन्महिने चालते, तपासण्या ठीक येतात, तेव्हा आयबीएसचं (आतडं दिसायला ठीक, पण त्याचं काम बिघडलेलं) निदान होतं. तो त्रास खरा असतो, मनाचे खेळ नव्हेत. पण आयबीएसमध्ये रक्त पडत नाही, वजन उतरत नाही आणि बहुधा झोपेतून उठावं लागत नाही. यातलं काही असेल तर निदान पुन्हा तपासायला सांगा.

थांबायचं नाही अशा वेळा

डांबरी मल. भरपूर रक्त, किंवा रक्तासोबत चक्कर. पोट फुगलेलं, उलट्या, आणि शौच तर नाहीच, वायूही सरत नाही. जुलाबात लघवी जवळपास बंद, जीभ कोरडी, मूल मलूल. पांढुरका मल आणि पिवळे डोळे. यात घरगुती उपाय करत बसू नका.

डॉक्टरांकडे जाताना

वही न्या. रंगाबद्दल शंका असेल तर फोटो काढून न्या, डॉक्टरांना त्यात काही वावगं वाटत नाही. सगळ्या औषधांची यादी न्या, लोह आणि वेदनाशामक धरून. रक्ताची गोष्ट पहिल्या वाक्यात सांगा, उठून दाराशी जाताना नाही. बोटाने तपासणी करायची म्हणाले तर नको म्हणू नका. अर्धं मिनिट लागतं, आत्याच्या वेळी चार दिवसांचं कोडं त्यानेच सुटलं.

मलाचा नमुना द्यायचा असेल तर कोरड्या स्वच्छ डबीत, लघवी किंवा भांड्यातलं पाणी न लागू देता घ्या. भांड्यावर आधी कागद किंवा प्लॅस्टिक पसरलं की सोपं जातं. आव किंवा रक्त असलेला भाग मुद्दाम उचला, अक्रोडाएवढा पुरतो, पातळ असेल तर दोन-तीन चमचे. परजीवी शोधायचे असतील तर वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने मागतात. एक तासात प्रयोगशाळेत पोचवता येत नसेल तर कसा ठेवायचा ते आधीच फोन करून विचारा. न दिसणाऱ्या रक्ताच्या चाचणीसाठी पाळीच्या दिवसांत किंवा मूळव्याध वाहत असताना नमुना देऊ नका, ते थांबल्यावर तीन दिवसांनी द्या.